दया अर्ज कसा करायचा: फाशीच्या कैद्याच्या घरच्यांसाठी

माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा एक पिशवी घेऊन येतात. त्यात निकालाची झेरॉक्स असते, मधली पानं गहाळ झालेली. तुरुंगातून आलेली पत्रं असतात, जुन्या वकिलाच्या पावत्या असतात, एखादा पासपोर्ट साइज फोटो असतो. आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "राष्ट्रपतींना पत्र लिहायचंय, मजकूर सांगता का?"

मजकूर सगळ्यात शेवटी लिहायचा. आधी पिशवी रिकामी करायची, कागद तारखेप्रमाणे लावायचे आणि एक गोष्ट समजून घ्यायची. अर्जावर नाव राष्ट्रपतींचं किंवा राज्यपालांचं असलं तरी तो पहिल्यांदा वाचणारा माणूस वेगळाच असतो. राज्यघटनेच्या ७२व्या कलमाने राष्ट्रपतींना आणि १६१व्या कलमाने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार दिलेला आहे. पण तो त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केलं. म्हणजे प्रत्यक्षात तुमचा अर्ज गृह खात्यातल्या एखाद्या टेबलावर उघडला जातो. तिथला अधिकारी त्यावर टिपणी लिहितो आणि ती टिपणी वर सरकत जाते. अर्ज लिहायचा तो या टिपणीसाठी.

मी लिहिलेला पहिला दया अर्ज अकरा पानी होता. म्हातारी आई, दोन लहान मुली, डोळ्यांतलं पाणी, सगळं त्यात होतं. ज्या ज्येष्ठ वकिलांकडे मी काम शिकत होतो, त्यांनी तो वाचला आणि पेन्सिलने समासात एवढंच लिहिलं: "यातलं टिपणीत काय जाईल?" अकरा पानांतून दीड पान निघालं.

खटला नेमका कुठे आहे?

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली म्हणजे फाशी कायम झाली, असं होत नाही. ती शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात आणताच येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४०७ आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३६६ होतं. वकिलांच्या भाषेत "केस कन्फर्मेशनला आहे" म्हणतात ते हेच. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय. फाशीच्या प्रकरणात तिथे विशेष परवानगीचा अर्ज, म्हणजे आमचं अपील ऐका अशी विनंती, करायला ६० दिवस मिळतात. तिथे हरलात तर ३० दिवसांत पुनर्विलोकन याचिका, म्हणजे रिव्ह्यू, आणि तोही फेटाळला तर क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे त्याच न्यायालयाला चूक सुधारण्याची शेवटची विनंती.

रिव्ह्यूबद्दल घरच्यांना फार कमी सांगितलं जातं. इतर प्रकरणांत रिव्ह्यू न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांशिवाय निकाली निघतो. फाशीच्या प्रकरणात मात्र २०१४ पासून तो खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे, वकिलाचा युक्तिवाद ऐकून ठरवला जातो. "सुप्रीम कोर्टात हरलो, आता फक्त दया" असं म्हणत जे येतात त्यांना मी महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सांगतो. २००३ सालच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच दिली. पुढे तो निकाल न्यायालयाने स्वतःच मागे घेतला, अपील पुन्हा ऐकलं आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश राज्याला झाले. तोवर सोळा वर्षं गेली होती. रिव्ह्यू सोडून थेट दयेच्या दारात जाऊन बसले असते, तर फार तर जन्मठेप मिळाली असती, तीही न केलेल्या गुन्ह्याची.

म्हणून पिशवीतून पहिली गोष्ट शोधायची ती तीन निकालांची: सत्र, उच्च आणि सर्वोच्च. पूर्ण निकाल, सगळी पानं. सत्र न्यायालयातून नक्कल अर्ज करून प्रमाणित प्रत काढा. वरच्या दोन न्यायालयांचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात.

मुदत

१ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि तिच्यात कलम ४७२ आलं. दया अर्जाची मुदत पहिल्यांदाच थेट कायद्यात लिहिली गेली. सर्वोच्च न्यायालयाने अपील, रिव्ह्यू किंवा विशेष परवानगीचा अर्ज फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकांनी कैद्याला कळवलं, की त्या दिवसापासून ३० दिवस. उच्च न्यायालयाने फाशी कायम केल्यावर कोणी सर्वोच्च न्यायालयात गेलंच नाही आणि ती मुदत संपली, तर अधीक्षकांनी ते कळवल्यापासून ३० दिवस. अर्ज आधी राज्यपालांकडे करता येतो. त्यांनी फेटाळला तर फेटाळल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे.

इथे दिवस मोजायला सुरुवात होते ती अधीक्षकांनी कळवल्याच्या तारखेपासून. ही तारीख घरच्यांना बहुधा माहीतच नसते. मुलाकातीला जाल तेव्हा कैद्याला थेट विचारा: तुला कोणत्या कागदावर सही करायला लावली, कधी, त्याची प्रत दिली का? प्रत नसेल तर वकिलामार्फत मागा. "अपील किंवा रिव्ह्यू" या शब्दांमुळे घड्याळ नक्की कधी चालू झालं यावर वाद होऊ शकतो. असल्या वादात वकिलांना रस असेल, तुम्हाला असायचं कारण नाही. त्यातली सगळ्यात आधीची तारीख धरून चाला. रिव्ह्यू करायचा असेल तर त्याची तयारी आणि अर्जाची तयारी जोडीनेच करा.

मुदत निघून गेल्यावर कोणी आलं तर त्याला मी परत पाठवत नाही. घटनेच्या ७२ आणि १६१ या कलमांत कुठलीही मुदत लिहिलेली नाही. उशीर का झाला हे दोन ओळींत लिहून अर्ज करायचा. गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

अर्ज कोणी करायचा, हेही याच कलमात आहे. स्वतः कैदी, त्याचा कायदेशीर वारस किंवा इतर नातेवाईक. शेजारी, गावकरी, संस्था, मित्रमंडळ यांचा उल्लेख नाही. गावाने पाचशे सह्यांचं निवेदन तयार केलं असेल तर ते जोडा, पण मूळ अर्जावर सही कैद्याची हवी, आणि शक्य असेल तर आई, बायको किंवा भावाचा वेगळा अर्ज सोबत हवा.

एकाच प्रकरणात दोघा-तिघांना फाशी झाली असेल तर प्रत्येकाने ६० दिवसांत अर्ज करावा हे बघण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. एखाद्याने केलाच नाही, तर त्याचं नाव, पत्ता आणि कागदपत्रं अधीक्षकांनी सरकारकडे पाठवायची, म्हणजे सगळ्यांचा विचार एकत्र होतो. पण तुमच्या माणसाने "मला दया नको" म्हणून सही नाकारली असेल, तर रागावू नका. फाशी यार्डात वर्षानुवर्षं राहिलेला माणूस असं म्हणतो. पुढच्या मुलाकातीत पुन्हा विचारा, त्याच्याही पुढच्या मुलाकातीत विचारा. आणि ही गोष्ट वकिलाच्या कानावर घाला, कारण कधीकधी ते आजाराचं लक्षण असतं.

वकील

तुरुंगात असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमात कोठडीतली व्यक्ती असं स्पष्ट लिहिलंय, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हा हक्क दया अर्जाच्या टप्प्यावरही आहे आणि अर्ज फेटाळल्यावरही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. देशभरासाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे. मध्यवर्ती कारागृहांत प्राधिकरणाचं मदत केंद्रही असतं.

"मंत्रालयात आपली ओळख आहे" असं सांगून पैसे मागणारा माणूस या काळात हमखास भेटतो. कुठून पत्ता काढतात देव जाणे. दया अर्जाला फी नाही, स्टॅम्प नाही, दलाल नाही.

कागद

खरं काम इथे आहे, आणि मी सर्वात जास्त दिवस इथेच घालवतो. दया अर्जाचा विचार करताना काय पाहायचं याचे काही निकष केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात ते उतरवून घेतले आहेत. कैद्याचं वय, तो पुरुष की स्त्री, त्याची मानसिक दुर्बलता. अपील न्यायालयाने पुराव्याबद्दल शंका व्यक्त करूनही दोषी धरलं आहे का. नवा पुरावा मिळू शकतो असं म्हणणं आहे का. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून किंवा शिक्षा वाढवून फाशी दिली आहे का. न्यायमूर्तींमध्ये मतभेद होऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं होतं का. टोळीने केलेल्या खुनात कोणाचा वाटा किती हे पुराव्यातून नीट ठरतं का. तपास आणि खटला फार रेंगाळला का.

हे निकष घेऊन तिन्ही निकाल पुन्हा वाचा. हातात दोन रंगांच्या पेन्सिली ठेवा. शंका, मतभेद, "थेट पुरावा नाही", "याने प्रत्यक्ष वार केल्याचं दिसत नाही" अशी वाक्यं एका रंगाने. तारखा दुसऱ्या रंगाने: अटक, आरोपपत्र, निकाल, अपील. राष्ट्रपती पुरावा नव्याने तपासून न्यायालयापेक्षा वेगळ्या मतावर येऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच मान्य केलंय. त्यामुळे "न्यायालयाने ठरवलं, आता पुराव्यावर बोलून काय उपयोग" हा समज सोडून द्या.

आता वय. गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नसेल तर फाशी होऊच शकत नाही, आणि हा मुद्दा कितीही उशिरा, शेवटचा निकाल लागल्यावरही उचलता येतो. पुण्यातल्या १९९४ सालच्या एका हत्याकांडात फाशी झालेला कैदी आधी येरवड्यात आणि मग नागपूरला अठ्ठावीस वर्षांवर राहिला. त्याचा दया अर्जही गेला होता. पुढे राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेतली जन्मतारखेची नोंद समोर आली, चौकशी झाली आणि गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता असं निष्पन्न झालं. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं.

मी स्वतः एका मोठ्या भावाबरोबर अशा नोंदीसाठी गेलो होतो. दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजींनी कपाटातून कापडी बांधणीचं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोट फिरवत नेलं. नाव सापडलं, आडनावात चूक होती, जन्मतारीख मात्र शब्दांत आणि अंकांत दोन्हीकडे लिहिलेली होती. भावाने मोबाइलने फोटो काढला आणि म्हणाला, झालं. तेवढ्याने झालं नव्हतं. फोटो म्हणजे दाखला नाही. मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेला रजिस्टरचा उतारा घ्या, त्यावर रजिस्टर क्रमांक आणि तारीख घाला. आडनावातली चूक सुधारून मागू नका. जशी आहे तशीच नोंद घ्या आणि एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं करा. खाडाखोड दिसली की सगळी नोंदच संशयात जाते.

आमच्या त्या प्रकरणात वय अठराच्या वर चार महिने निघालं. तरीही तो उतारा आम्ही जोडला. अठरा वर्षं चार महिने हेही वय आहेच.

मानसिक आजाराचंही असंच. शिक्षा झाल्यानंतर सुरू झालेला गंभीर मानसिक आजारसुद्धा फाशी कमी करायला कारण होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणात मान्य केलं. निकालात त्याचं नावही झाकलेलं आहे. तुरुंगाच्या दवाखान्यातल्या नोंदी, मनोरुग्णालयात नेलं असेल तर तिथले केसपेपर, चालू असलेल्या गोळ्यांची नावं, हे सगळं वकिलामार्फत अधीक्षकांकडे लेखी मागा. तुम्ही स्वतः मुलाकातीत काय पाहिलं तेही तारीखवार लिहून ठेवा: "१२ तारखेला मला ओळखलं नाही", "भिंतीतून आवाज येतात म्हणाला". डॉक्टरी निदान तुम्ही करू नका. जे दिसलं तेवढंच लिहा.

बाकीचं भराभर सांगतो. तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल, तिथे केलेलं काम, घेतलेलं शिक्षण, मुक्त विद्यापीठाची गुणपत्रिका असेल तर ती. लहानपणचा दारिद्र्याचा, मारहाणीचा, स्थलांतराचा इतिहास, त्याला दुजोरा देणारी शेजारपाजारची प्रतिज्ञापत्रं. घरात त्याच्यावर अवलंबून कोण आहे, त्यांचे दाखले. फाशी द्यायची की जन्मठेप हे ठरवताना आरोपीचा असा सगळा इतिहास गोळा करायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सत्र न्यायालयांना बजावलं. तुमचा खटला त्याआधीचा असेल तर हे कोणी गोळाच केलेलं नसेल, आणि अर्जात तसंच लिहायचं: "याचिकाकर्त्याची सामाजिक व मानसिक पार्श्वभूमी कोणत्याही न्यायालयापुढे आली नाही."

स्त्री कैदी गरोदर असेल तर मुद्दा वेगळाच आहे. कायद्यानेच उच्च न्यायालयाने तिची फाशी जन्मठेपेत बदलायची असते. तिथे दयेची वाट पाहायची गरज नाही.

मजकूर

पहिल्या पानावर एवढंच: कैद्याचं नाव, कैदी क्रमांक, कारागृह, अटकेची तारीख, तिन्ही न्यायालयांचे खटला क्रमांक आणि निकालाच्या तारखा, तुरुंगात काढलेली एकूण वर्षं, मागणी. मागणी एका वाक्यात: "फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलावी." त्याखाली दयेची कारणं, क्रमांक घालून, प्रत्येक कारण दोन ओळींत आणि पुढे जोडपत्राचा क्रमांक. टिपणी लिहिणाऱ्याला हे पान तसंच्या तसं उचलता आलं पाहिजे.

पुढच्या पानांवर प्रत्येक कारणाचा विस्तार. मी एक साधी परीक्षा लावतो: वाक्यापुढे कागद लावता येतो का? "माझा मुलगा स्वभावाने अत्यंत गरीब आहे" याला कागद लावता येत नाही. "अटकेपासून चौदा वर्षांत तुरुंगात त्याच्याविरुद्ध एकही शिस्तभंगाची नोंद नाही (जोडपत्र ६)" याला येतो. पहिलं वाक्य आईच्या पत्रात राहू द्या. आईचं पत्र तिच्याच हस्ताक्षरात, तिच्याच शब्दांत, एक पान. ते कोणी "सुधारू" नये. तिला लिहिता येत नसेल तर ती बोलेल तसं उतरवून अंगठा घ्या आणि कोणी उतरवलं ते खाली लिहा.

ज्यांचा जीव गेला त्यांच्याबद्दल कसं लिहायचं? एकही वाकडा शब्द नको. मृताच्या चारित्र्यावर, फिर्यादीच्या जातीवर, पोलिसांच्या हेतूवर संताप काढायची ही जागा नव्हे. गुन्हा कबूल असेल तर कैद्याने स्वतःच्या शब्दांत पश्चात्ताप लिहावा. कबूल नसेल तर खोटा पश्चात्ताप लिहू नये. "मी निर्दोष आहे, आणि तरीही न्यायालयांनी मला दोषी धरलं हे मला माहीत आहे" असं लिहून दया मागता येते. गुन्हा कबूल केल्याशिवाय दया अर्ज करता येत नाही हा गैरसमज आहे.

अर्ज मराठीत चालतो. पण पुढे तो दिल्लीला जाणार असतो, म्हणून हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर आत्ताच जोडा. आई बोलली ते भाषांतरात सपाट होतं, म्हणून मूळ पत्रही सोबत राहू द्या.

पाठवणं

कैद्याच्या सहीचा अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फत जातो. तिथे आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, वकील गेला तर सोपं पडतं. शिवाय एक प्रत राज्यपालांच्या सचिवालयाला, एक राज्याच्या गृह विभागाला, आणि राष्ट्रपतींकडचा अर्ज असेल तर राष्ट्रपती सचिवालय आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला स्पीड पोस्टने पाठवा. पावत्या एका कोऱ्या कागदावर चिकटवून त्याची झेरॉक्स काढा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.

९ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला दया अर्जांसाठी गृह किंवा कारागृह विभागात स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितलंय, त्याला जबाबदार अधिकारी हवा आणि कागद शक्यतो ईमेलने फिरावेत असंही म्हटलंय. तुमच्या अर्जाचा पाठपुरावा करताना आधी या कक्षाचं नाव विचारा.

अर्जात संपर्कासाठी दोन पत्ते आणि दोन फोन लिहा, एक घरचा आणि एक वकिलाचा. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहारमध्ये एकाला फाशी झाली. ती होणार असल्याचं सांगणारं स्पीड पोस्ट त्याच्या घरी काश्मीरमध्ये पोचलं तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते.

वाट पाहताना

राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यावा याला बंधन नाही. नव्या कलमात केंद्र सरकारला मात्र आहे: राज्याचा अभिप्राय आणि तुरुंगातले कागद हाती आल्यापासून ६० दिवसांत शिफारस करायची. कागद हाती यायलाच किती लागतील, हे कलम सांगत नाही.

म्हणून एक वही घाला. डाव्या पानावर तारीख, उजव्या पानावर काय केलं: कोणाला पत्र, कोणाचं उत्तर, फोनवर कोण काय म्हणालं. दर तीन महिन्यांनी एक साधं स्मरणपत्र पाठवा. ही वही पुढे फार मोलाची ठरते, कारण दया अर्ज विनाकारण, वर्षानुवर्षं पडून राहिला तर तो उशीर हेच फाशी रद्द होण्याचं कारण होऊ शकतं. २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांच्या फाशीची जन्मठेप केली, त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत कारण हेच होतं. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणाने कमी केली, त्यांच्या अर्जांना जवळजवळ आठ वर्षं लागली होती. किती वर्षं म्हणजे जास्त, याचा आकडा ठरलेला नाही. आणि तुमच्याकडून झालेला उशीर तुमच्या बाजूने मोजला जात नाही. स्मरणपत्रं त्याचसाठी.

या काळात काही बदललं तर पुरवणी अर्ज द्या: आजारपण, परीक्षा, घरातला मृत्यू. फाइल शिळी होते. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी फाशी कमी केलेल्यांत एक कैदी असा होता की तो पाच वर्षांपूर्वीच तुरुंगात मरण पावला होता. दिल्लीतल्या फाइलला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक. दया अर्ज निकाली निघेपर्यंत कैद्याला एकांत कोठडीत ठेवता येत नाही. मुलाकातीत हे विचारत जा.

नकार आला तर

राष्ट्रपतींचा निर्णय झाल्यावर केंद्राने तो ४८ तासांत राज्याच्या गृह विभागाला आणि अधीक्षकांना कळवायचा असतो. २०१४ च्या निकालाप्रमाणे नकार कैद्याला लेखी मिळाला पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, आणि नकार कळल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस गेले पाहिजेत. २०२४ च्या निकालाने, नकाराचा आदेश आणि डेथ वॉरंट (फाशीची तारीख ठरवणारा न्यायालयाचा हुकूम) कैद्याच्या हाती पडल्यापासून १५ पूर्ण दिवस असं सांगितलंय. डेथ वॉरंट सत्र न्यायालय काढतं आणि त्या सुनावणीची नोटीस कैद्याला मिळायला हवी, वकील हजर हवा. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात अशी घाईघाईने काढलेली वॉरंटं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

त्या दोन आठवड्यांत रडायला वेळ काढा, पण पहिला फोन वकिलाला. नव्या कलमात राष्ट्रपतींचा निर्णय अंतिम आहे, त्यावर अपील नाही, असं लिहिलंय. अपील नाहीच. पण उच्च न्यायालयात २२६व्या किंवा सर्वोच्च न्यायालयात ३२व्या कलमाखाली रिट याचिका ही वेगळी गोष्ट आहे, ती घटनेतून येते. तिथे "दया द्या" असं मागायचं नसतं. निर्णय घेताना महत्त्वाचा कागद समोर ठेवलाच नाही, विचार न करता सही झाली, गैरलागू गोष्टी पाहिल्या, किंवा असह्य उशीर झाला, एवढंच दाखवायचं असतं. "महत्त्वाचा कागद समोर ठेवला नाही" हे दाखवायला तो तुम्ही पाठवल्याची पोच लागते. चिकटवलेल्या पावत्या आता बाहेर काढा.

नकारानंतरचा उशीरही मोजला जातो. पुण्यातल्या २००७ सालच्या एका प्रकरणात राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये अर्ज फेटाळले आणि वॉरंट निघालं २०१९ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने दोघांची फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, आणि वर सांगितलेल्या डिसेंबर २०२४ च्या निकालाने ती कायम झाली.

नव्या कारणाशिवाय पुन्हा तसाच दया अर्ज करण्यात अर्थ नाही. नवं काही घडलं असेल, उदाहरणार्थ आजार बळावला असेल, तर करा.

मंजूर झाला तर

कोणी घरी येणार नाही, हे आधी लक्षात घ्या. फाशीची जन्मठेप होते, आणि आदेशात "उर्वरित आयुष्यभर" किंवा ठरावीक वर्षं सूट नाही अशी अट असू शकते. आदेशाची प्रत मागून घ्या आणि ती अट शब्दशः वाचा. नंतरच्या मुलाकातीला गेलात की दोन गोष्टी विचारा: फाशी यार्डातून साध्या बराकीत हलवलं का, आणि हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे तुरुंगातल्या त्याच्या नोंदीच्या कागदावर, शिक्षेची नोंद बदलली का. एका कैद्याची ती नोंद सात महिने जुनीच राहिली होती. घरच्यांनी विचारलं नव्हतं, त्यामुळे कोणी बदलली नव्हती.